ट्विनसेटवर मॅनिफोल्ड बसवताना: आटे, पट्टे आणि मधला व्हॉल्व्ह

गॅरेजच्या फरशीवर आईने शिवलेली जुनी गोधडी अंथरली आहे. तिच्यावर डायव्हिंगचे १२ लिटरचे दोन पोलादी सिलिंडर आडवे ठेवलेत, बाजूला स्टीलच्या पट्ट्यांची जोडी आहे, आणि धुऊन कोरड्या केलेल्या ताटात मॅनिफोल्डचे तीन भाग: उजवा व्हॉल्व्ह, डावा व्हॉल्व्ह आणि दोघांना जोडणारा क्रॉसबार. क्रॉसबारच्या मधोमध तिसरा व्हॉल्व्ह असतो, आयसोलेटर. मी त्याला मधला व्हॉल्व्हच म्हणतो. हे सगळं जोडून, भरून, रेग्युलेटर (सिलिंडरातली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडापर्यंत आणणारं साधन) लावून झालं की ३५ ते ४० किलोचं एक धूड तयार होतं, त्यालाच ट्विनसेट म्हणतात. ते पाठीवर घेऊन मी थंड पाण्यात उतरतो आणि त्यातल्या हवेवर जगतो. म्हणून ही जोडणी दुकानातून आयती करून घेतली तरी ती आपल्याला यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडात मिडलंड्सच्या भागात राहून डायव्हिंग करणाऱ्यांना १२ लिटरची जोडी नवीन नाही. लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हच्या पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत दर शनिवारी ती दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोमध्ये तर बहुतेकांच्या पाठीवर तीच असते. २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमाराने स्वतःची जहाजं तिथे बुडवली. त्यांतल्या ‘क्योनिग’, ‘क्रोनप्रिंत्स विल्हेल्म’ आणि ‘मार्कग्राफ’ या तीन युद्धनौका आजही तळाशी आहेत. तिथल्या डाइव्ह साधारण २५ ते ४५ मीटरच्या. एवढ्या खोलीवर एका सिलिंडरची हवा लवकर संपते. शिवाय एक रेग्युलेटर बिघडला तर दुसरा हाताशी लागतो.

मॅनिफोल्डचं काम एका वाक्यात सांगता येतं: दोन्ही सिलिंडरची हवा एक करायची, पण रेग्युलेटर दोन वेगळे ठेवायचे. उजवीकडचा रेग्युलेटर फुरफुरायला लागला तर उजवा व्हॉल्व्ह बंद करायचा. त्या सिलिंडरातली हवा वाया जात नाही, ती क्रॉसबारमधून डावीकडे येतच राहते. बहामातल्या अँड्रॉस बेटावरच्या पाण्याखालच्या गुहा धुंडाळणाऱ्या जॉर्ज बेंजामिन यांचं नाव या दोन तोंडांच्या मॅनिफोल्डशी जोडलेलं आहे. मधला व्हॉल्व्ह त्यात नंतर आला. सिलिंडरच्या मानेतली ओ-रिंग किंवा क्रॉसबारचा सांधाच फुटला, तर मधला व्हॉल्व्ह बंद करून निदान अर्धी हवा वाचवता येते.

जोडणीच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे: क्रॉसबारवर कसलाही ताण येता कामा नये. सिलिंडरांना धरून ठेवायचं काम पट्ट्यांचं. क्रॉसबार फक्त हवा इकडून तिकडे नेतो. गळणाऱ्या ट्विनसेटमध्ये मला बहुतेक वेळा दोष सापडला तो इथेच: सिलिंडर किंचित तिरके, आणि ते सरळ धरायची जबाबदारी बिचाऱ्या क्रॉसबारवर.

पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी असू द्या. माझ्याही शेजारी होता.

जोडी जुळते का ते पाहा

दोन्ही सिलिंडर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच दाबाचे हवेत. युरोपातल्या नेहमीच्या पोलादी सिलिंडरच्या खांद्यावर कामाचा दाब २३२ बार आणि चाचणीचा दाब ३४८ बार असे आकडे कोरलेले असतात. तिथेच चाचणीची तारीखही असते. ब्रिटनमध्ये दर अडीच वर्षांनी आतून-बाहेरून पाहणी आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. एकाची तारीख नुकतीच आणि दुसऱ्याची संपत आलेली, अशी जोडी लावू नका. सहा महिन्यांत सगळं पुन्हा सोडावं लागेल.

मग व्यास. १२ लिटरचा उंच सिलिंडर १७१ मिलिमीटरचा असतो, बुटका २०३ चा. पट्टे आणि मॅनिफोल्ड दोन्ही त्याच व्यासाला जुळणारे घ्यायचे. १७१ च्या जोडीत दोन व्हॉल्व्हच्या मध्यांमधलं अंतर साधारण १८६ मिलिमीटर येतं, म्हणजे दोन सिलिंडरांमध्ये दीड सेंटिमीटरची फट राहते. २०३ साठीचा मॅनिफोल्ड याहून बराच रुंद असतो. वापरलेलं सामान विकत घेताना इथेच फसगत होते. मॅनिफोल्ड स्वस्तात मिळतो, घरी आणल्यावर कळतं की तो आपल्या पट्ट्यांचा नाहीच. मोजपट्टी खिशात घेऊन जा.

उंचीही मोजा. दोन्ही सिलिंडर सपाट फरशीवर शेजारी उभे करून मानेवर लेव्हल ठेवली की लगेच दिसतं. तीन-चार मिलिमीटरचा फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही, त्याचा उपाय पुढे सांगतो.

आटे: इथे चूक चालत नाही

युरोपातल्या सिलिंडरच्या मानेत एम २५×२ हे मेट्रिक आटे असतात. अमेरिकी पद्धतीच्या सिलिंडरात, आणि आपल्याकडे मालवण-गोव्याला सर्रास दिसणाऱ्या ११.१ लिटरच्या अॅल्युमिनियम सिलिंडरात, पाऊण इंची एनपीएसएम आटे असतात. जुन्या ब्रिटिश सिलिंडरात पाऊण इंची बीएसपीही सापडतात. एम २५ च्या व्हॉल्व्हची जाडी २५ मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि पाऊण इंची आट्यांची २६ च्या वर. म्हणजे एम २५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत शिरतो. नुसता शिरत नाही, आवळलाही जातो. ओ-रिंग नीट बसते, साबणाच्या पाण्यात बुडबुडाही येत नाही, सिलिंडर काही प्रमाणात भरतोही. पण आटे एकमेकांना फक्त कडेकडेने धरून असतात. पूर्ण दाबाला, किंवा दहा वेळा भरून झाल्यावर अकराव्या वेळी, व्हॉल्व्ह तोफगोळ्यासारखा सुटतो. असे अपघात झाले आहेत, माणसं जखमी झाली आहेत, गेली आहेत.

म्हणून सिलिंडरच्या खांद्यावर आणि व्हॉल्व्हच्या आट्यांजवळ काय कोरलंय ते दोन्हीकडे वाचायचं. अक्षरं झिजली असतील तर अंदाज करायचा नाही. चाचणी केंद्रात आटे तपासायचे गो-नोगो गेज असतात, तिथे न्यायचं. व्हॉल्व्ह हाताने फिरवताना खुळखुळला तर तिथेच थांबा.

रिकामं करणं, धुणं, ओ-रिंग

सिलिंडर रिकामे आहेत याची खात्री करा. व्हॉल्व्ह थोडा उघडून हवा हळूहळू जाऊ द्या. भसकन सोडली तर व्हॉल्व्हवर बर्फ धरतं आणि आत दमटपणा साचतो. आवाज पूर्ण थांबल्यावर व्हॉल्व्ह तसाच उघडा ठेवून अर्धा तास थांबा. मगच पाना लावायचा. थोडा जरी दाब असताना व्हॉल्व्ह सोडणं म्हणजे हातात बंदूक धरण्यासारखं आहे.

व्हॉल्व्ह निघाला की आत बॅटरी मारून पाहा. तांबूस पातळ थर आणि सुटणारा भुरभुरा गंज यांत फरक आहे. सिलिंडर हळूच उलटा करा. चिमूटभर गंज पडला किंवा पाण्याचा थेंब आला, तर जोडणी बाजूला ठेवून तो तपासणीला द्या. तेलाचा वास आला तरी तेच.

मानेचे आटे मऊ नायलॉन ब्रशने साफ करा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. ओ-रिंग बसते तो मानेचा काठ बोटाच्या नखाने फिरून तपासा. नख अडकलं तर तिथे ओरखडा आहे, आणि तो ओ-रिंगला गळायला लावेल. जुनी ओ-रिंग काढायला पितळी किंवा प्लास्टिकची टोकदार काडी घ्या, पोलादी स्क्रू-ड्रायव्हर नको. व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला बोटाएवढी बारीक नळी असते, ती जागेवर आणि घट्ट आहे का तेही पाहा. आपण पाण्यात डोकं खाली केलं की सिलिंडरमधला गंज किंवा पाणी सरळ व्हॉल्व्हमध्ये येऊ नये म्हणून ती असते.

सगळ्या ओ-रिंग नव्या घाला, मॅनिफोल्ड बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापाच्या आणि कडकपणाच्याच. ग्रीस इतकंच लावायचं की ओ-रिंग ओलसर चमकेल. बोटाला पांढरा गोळा दिसला तर ते जास्त झालं. पुढे ऑक्सिजन ओतून नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) बनवणार असाल तर सिलिकॉन ग्रीस अजिबात नको. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. त्यासाठी ख्रिस्तोल्यूबसारखं ऑक्सिजनला चालणारं ग्रीस मिळतं. महाग आहे, पण इवलीशी ट्यूब कित्येक वर्षं पुरते.

आधी व्हॉल्व्ह, मग क्रॉसबार

सुरुवातीला माझा गोंधळ इथेच उडाला होता. वाटायचं, व्हॉल्व्ह पूर्ण आवळला तर क्रॉसबारचं भोक भलतीकडेच तोंड करून बसेल, मग काय करायचं? उत्तर अगदी सोपं आहे. सिलिंडर गोल आहे. व्हॉल्व्ह मानेत पूर्ण आवळा, आणि मग अख्खा सिलिंडर फिरवून भोक हवं तिकडे आणा.

व्हॉल्व्ह आधी हाताने फिरवा. शेवटपर्यंत लोण्यासारखा जायला हवा. मध्येच अडला तर उलटा फिरवून काढा, पुसा, पुन्हा लावा. आटे तिरके धरले असताना जोर लावला की मान कायमची बाद. हाताने बसल्यावर टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या आकड्याएवढं आवळायचं. गळती थांबवायचं काम ओ-रिंग करते, मनगटाचा जोर नाही. मॅनिफोल्डला कधीही पाइप पाना लावू नका.

आता कोणता व्हॉल्व्ह कुठे? डायव्हर ज्या बाजूला असेल त्या बाजूला, म्हणजे पाठीच्या दिशेने, रेग्युलेटर लावायची डीआयएन तोंडं येतात. पट्ट्यांचे बोल्टही त्याच बाजूला बाहेर येतात. आपण सेट पाठीवर घेतला आहे अशी कल्पना करून उजवा-डावा ठरवा, समोर उभं राहून नाही.

बऱ्याच मॅनिफोल्डमध्ये क्रॉसबारच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे. जुन्या रेल्वे डब्यांमधली स्क्रू कपलिंग आठवा: मधला दांडा फिरवला की दोन्ही बाजू एकदम जवळ येतात. इथेही तसंच. दोन्ही सिलिंडर त्यांच्या तळाच्या रबरी बुटांवर, गुळगुळीत फरशीवर उभे करा, भोकं एकमेकांसमोर आणा. एकाने सिलिंडर धरायचे, दुसऱ्याने क्रॉसबार दोन्ही भोकांत टेकवून फिरवायचा. हे दोघांचं काम आहे.

कसोटी असते ती पहिल्या आट्याची. दोन्हीकडचे आटे एकाच फेऱ्यात धरायला हवेत. एक बाजू आधी धरली आणि दुसरी दोन फेऱ्यांनी, तर क्रॉसबार एकीकडे खोल जातो, दुसरीकडे अर्धवट राहतो. मी क्रॉसबारवर मार्करने रेघ मारतो आणि फेरे मोठ्याने मोजतो. मग दोन्ही बाजूंना बाहेर राहिलेले आटे मोजतो. आकडा सारखा आला नाही तर पुन्हा सोडून पहिल्यापासून. माझ्या पहिल्या जोडणीत हे पाचव्या खेपेला जमलं. खेपा किती झाल्या याची लाज वाटू देऊ नका.

प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडरांमधलं अंतर दोन आट्यांच्या रुंदीएवढं कमी होतं. पट्ट्यांना हवं ते अंतर आलं की थांबायचं. आजकालच्या मॅनिफोल्डमध्ये क्रॉसबारच्या टोकाजवळ खाचेत ओ-रिंग असतात आणि त्या भोकाच्या आतल्या भिंतीला चिकटून हवा अडवतात. त्यामुळे क्रॉसबार शेवटपर्यंत रुतवायची गरज नसते, थोडा इकडेतिकडे झाला तरी गळत नाही. काही जुन्या मॅनिफोल्डमध्ये मात्र टोकाचा सपाट भाग दाबून सील होतो. त्यांना हालचाल सोसत नाही, त्यांची जोडणी जास्त काटेकोर लागते. आपला कोणता आहे ते आधीच बघून घ्या.

मधल्या व्हॉल्व्हचा नॉब डोक्याला लागणार नाही पण हाताला सापडेल अशा कोनात आणा. क्रॉसबार जागेवर पक्का करणारे अडकनट अजून ढिलेच ठेवा.

पट्टे

वरचा पट्टा सिलिंडरचा खांदा संपून सरळ भिंत सुरू होते तिथे. खालचा त्याच्यापासून ११ इंचांवर, म्हणजे २८ सेंटिमीटरवर, बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत. बॅकप्लेटच्या, म्हणजे सेट जिच्यावर बसतो त्या पाठीवरच्या पाटीच्या, भोकांमधलं अंतर जगभर हेच असतं. टेपने मोजण्यापेक्षा बॅकप्लेटच बोल्टांवर अडकवून बघा. ती सहज बसली तर माप बरोबर.

नट एकदम आवळू नका. वरचा थोडा, खालचा थोडा, पुन्हा वरचा. मोटारीचं चाक बसवताना समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळतात, तसं. मध्येमध्ये क्रॉसबार दोन बोटांनी किंचित फिरवून पाहा, अडकनट ढिले आहेत म्हणून फिरवता येतो. या सगळ्या कामातली ही माझी सर्वांत आवडती खूण. पट्टे पूर्ण आवळल्यावरही क्रॉसबार पहिल्यासारखा मऊ फिरला तर सिलिंडर समांतर आहेत. जड झाला तर पट्टे सिलिंडरांना ओढताहेत आणि तो ताण क्रॉसबारवर आला आहे. पट्टे ढिले करा, सिलिंडर सरळ करा, पुन्हा आवळा.

मघाशी उंचीतल्या फरकाचं बोललो होतो. एक सिलिंडर बुटका असेल तर त्याच्याखाली पुठ्ठ्याचा किंवा रबराचा तुकडा घालून त्याची मान दुसऱ्याच्या पातळीवर आणा, मग पट्टे आवळा. वरचं जुळलं पाहिजे, खाली थोडा फरक राहिला तरी बिघडत नाही.

क्रॉसबार मऊ फिरतोय याची खात्री झाली की नॉबचा कोन पुन्हा बघा आणि अडकनट लावा. पट्ट्यांचे नट इतके घट्ट हवेत की दोन्ही हातांनी पिळूनही सिलिंडर पट्ट्यात फिरणार नाही. पहिल्यांदा भरल्यावर पुन्हा तपासा. दाबाखाली सिलिंडर केसभर फुगतो, रिकामा झाला की आकसतो.

आणि सेट उचलताना क्रॉसबारला धरून उचलू नका. स्टोनी कोव्हच्या पार्किंगमध्ये मी हे रोज पाहतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. व्हॉल्व्हच्या मानेखाली हात घाला, किंवा पट्ट्याला हँडल लावून घ्या.

बुडबुडे

पहिल्या भरण्यात २० ते ३० बारच्या वर जाऊ नका. मधला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दोन्ही बाहेरचे बंद. सायकलच्या दुकानात पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवून कसा डोळे लावून बसतो, तसं सेट टबात बुडवून बसायचं. टब नसेल तर भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी स्प्रे बाटलीत भरून फवारा: दोन्ही माना, क्रॉसबारची दोन्ही टोकं, मधल्या व्हॉल्व्हची दांडी, बाहेरच्या व्हॉल्व्हच्या दांड्या, आणि डीआयएन तोंडं. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक गळती मात्र पाच-सात मिनिटांनी मोहरीएवढा एकच बुडबुडा दाखवते. त्यासाठी थांबावं लागतं.

मग मधल्या व्हॉल्व्हची परीक्षा. तो बंद करा, डाव्या बाजूची हवा सोडून द्या, अर्धा तास थांबा. डावीकडे साबणाचं पाणी फवारून काहीच आलं नाही तर तो नीट बंद होतो. डावीकडून हळूहळू हवा येत राहिली तर तो आतून गळतोय आणि अडचणीच्या वेळी अर्धी हवा वाचवू शकणार नाही. परीक्षा झाली की तो पुन्हा उघडा. लगेच. दुसरं कोणतंही काम हातात घेण्याआधी.

त्यानंतर पूर्ण २३२ पर्यंत सावकाश भरून घ्या. एवढी हवा भरली की सेट सहा-साडेसहा किलोंनी जड होतो, उचलताना हाताला कळतं. रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा गेज लावा. थंड झाल्यावर काही बार कमी होतातच, तेवढं चालतं.

रेग्युलेटर आणि होज

उजव्या व्हॉल्व्हवर लांब होजचा रेग्युलेटर, २.१ मीटरचा, ज्यातून आपण श्वास घेतो आणि जो अडचणीतल्या जोडीदाराला देतो. विंगमध्ये, म्हणजे तरंगण्यासाठी पाठीवर असलेल्या पिशवीत, हवा भरायची होजही उजवीकडूनच. डावीकडे गळ्यातल्या रबरी दोरीत अडकवलेला राखीव रेग्युलेटर, ड्रायसूटची (आत पाणी न येऊ देणाऱ्या पोशाखाची) होज आणि प्रेशर गेज.

ही वाटणी सवयीने आलेली नाही. जहाजाच्या आत, कमी उंचीच्या जागेत पुढे सरकताना छताला घासून डावा नॉब बंद होण्याच्या दिशेने फिरतो, उजवा उघडायच्या दिशेने. प्रत्येक नॉबच्या टोकाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की तो बंद होतो, म्हणून डावा-उजवा उलटसुलट. डावा नकळत बंद झाला तरी आपण श्वास घेतोय तो उजवा आणि विंग दोन्ही चालू राहतात. उजवा बंद झाला तर पुढच्या श्वासालाच कळतं. बाहेरचे नॉब पूर्ण उघडे ठेवा, ‘अर्धा फेरा मागे’ ही जुनी सवय सोडून द्या.

मधला व्हॉल्व्ह आणि माझी एक सकाळ

दुसऱ्या हंगामातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी एका दुकानातून सेट भरून आणला होता, भरायच्या आधी त्यात ७० बार होते. सकाळी खाणीच्या काठावर रेग्युलेटर लावला, काटा २२५ वर. समाधान वाटलं. सेट पाठीवर घेण्याआधी तिन्ही नॉबना हात लावायची सवय नुकतीच लावून घेतली होती. मधल्याला हात लावला, उघडायच्या दिशेने फिरवला, आणि तो फिरतच राहिला. म्हणजे बंद होता. आतून लांब सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत १५० च्या खाली उतरला.

काय झालं होतं ते नीट समजून घ्या. मधला बंद असताना डाव्या व्हॉल्व्हवरून भरलं गेलं. डाव्यात २२५, उजव्यात तेच जुने ७०. गेज डावीकडे, म्हणून २२५ दिसले. मी श्वास घेणार होतो उजवीकडून: ७० गुणिले १२, म्हणजे ८४० लिटर. ३० मीटरवर दाब चौपट, मिनिटाला २० लिटरच्या हिशोबाने ८० लिटर जातात. साधारण दहा मिनिटांत श्वास अडला असता, आणि तेव्हाही काटा २२५ वरच स्थिर दिसला असता. डाव्या बाजूला भरपूर हवा होती, राखीव रेग्युलेटर गळ्यातच होता, हे खरं. पण थंड, गढूळ पाण्यात, गोंधळलेल्या क्षणी ते सुचलं असतंच अशी खात्री मी देऊ शकत नाही.

उजव्या व्हॉल्व्हवरून भरलं असतं तर काटा ७० च दाखवला असता आणि चूक लगेच उघडी पडली असती. घातक आहे ती उलटी बाजू. नायट्रॉक्समध्ये तर धोका दुप्पट: एका सिलिंडरात एक मिश्रण, दुसऱ्यात दुसरं, आणि तपासणी फक्त एका तोंडावर.

तेव्हापासून सेट भरायला देताना मधला उघडा आहे हे माझ्या हाताने बघून देतो आणि घेतानाही बघून घेतो. नायट्रॉक्स असेल तर दोन्ही तोंडांवर ऑक्सिजनचं प्रमाण मोजतो. डाइव्हच्या पहिल्या दहा मिनिटांत काटा हलला नाही तर मधल्याकडे हात जातो.

हात पोहोचतो का

स्टोनी कोव्हच्या सहा मीटरच्या उथळ भागात मी पहिला तास फक्त हेच करतो. जाड अंडरसूट आणि ड्रायसूट घालून तिन्ही नॉब सापडायला हवेत, बंद व्हायला हवेत, पुन्हा उघडायला हवेत, आणि तोवर आपण वर-खाली तरंगता कामा नये. जोडीदार समोर, नजर माझ्या हातांवर. उजवा बंद करून राखीववर जाणं आणि परत येणं, मग मधला, मग डावा, आणि शेवटी तिन्ही उघडे असल्याची हाताने खात्री.

हात पोहोचत नसेल तर आधी क्रॉच स्ट्रॅप (दोन पायांमधून येणारा पट्टा) थोडा सैल करा. तरीही नाही, तर सिलिंडरांचे स्टीलचे पट्टे ढिले करून दोन-तीन सेंटिमीटर खाली सरकवा, म्हणजे सिलिंडर तेवढे वर येतील. यात क्रॉसबारची मऊ फिरण्याची परीक्षा सेट रिकामा करून पुन्हा घ्यावी लागेल. नॉब डोक्याच्या मागच्या बाजूला टोचले तर फार वर गेले.

मालवण, तारकर्ली किंवा नेत्राणीला डायव्हिंग करणारे मित्र विचारतात, आमच्या अॅल्युमिनियमच्या दोन सिलिंडरांना मॅनिफोल्ड लावू का? लावता येतो, १८४ मिलिमीटरचे पट्टे आणि पाऊण इंची आट्यांचे व्हॉल्व्ह मिळतात. रिकामा होत आला की प्रत्येक सिलिंडर दीड-दोन किलोंनी वर ओढतो, तेवढं वजन आधीच बांधावं लागतं. पण तिथल्या नेहमीच्या उथळ डाइव्हना एक सिलिंडर भरपूर आहे. ट्विनसेटचं प्रशिक्षण घेतलंत, खोल जहाजांकडे वळलात, तर मग ही जोडणी शिका.

माझ्या जोडीची अडीच वर्षांची तपासणी येत्या मार्चमध्ये आहे. तेव्हा सगळं पुन्हा सुटं होईल. नव्या ओ-रिंगचं पाकीट आणून ठेवलंय, त्याच ताटाखाली.